मलेरियावाले मामा आणि अखाजीची घागर

साठलेल्या पाण्याचा आमच्या शेजारच्या मलेरियावाल्या मामांइतका हाडवैरी अख्ख्या सुरतेत दुसरा सापडला नसता. नव्वदच्या दशकातली डिंडोली. आम्ही खानदेशी मंडळी कापडाच्या लूमवर कामाला, मामा पालिकेच्या मलेरिया खात्यात. कुणाच्या घरी गेले की माणसांआधी पिंपांची विचारपूस करायचे. चहा यायच्या आत कूलर उघडा पडलेला असे. कुणी नुसतं 'अंग कसकसतंय' म्हणायचा अवकाश, खिशातली काचपट्टी बाहेर येई आणि बोटाला सुई टोचलेली असे. गोडादऱ्याच्या एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या कपाळाला हात लावला आणि भर मांडवात त्याचं रक्त घेतलं. वरमाई भडकली. मामा शांतपणे म्हणाले, "पहिले ताप देखू, मंग अक्षता टाका."

माझे वडील तापाने गेले, त्या वर्षी आईने अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची घागर भरली. गेलेल्या माणसाची तहान त्या पाण्याने भागते, अशी आमच्याकडे समजूत. सण झाला की पाणी झाडाला घालायचं. आईने घातलं नाही. ते ओतलं म्हणजे वडिलांना घराबाहेर काढलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मी विषय काढला की ती रडायची. पंधरवड्याने मामांनी घागरीत बॅटरी मारली. आत अळ्या वळवळत होत्या, आणि शेजारच्या पोरीला आधीच हुडहुडी भरली होती. आता मामा घागर पालथी करणार आणि आई त्यांचं तोंड पुन्हा पाहणार नाही, असं मी धरूनच चाललो.

मामा चपला काढून घागरीपुढे बसले. "बहीन, दाजीले शिळं पानी कशाले पाजस? ताजं मी भरी देस." जुनं पाणी त्यांनी स्वतः कडुनिंबाला घातलं आणि नळाच्या रांगेत उभं राहून घागर भरून आणली. मग दर रविवारी हेच.

एका रविवारी मामा आले नाहीत. त्यांनाच मलेरिया झाला होता, आणि दुसऱ्याच्या हातातली सुई पाहून ते पांघरुणात शिरले, असं कळलं. आई दुपारपर्यंत वाट पाहत राहिली. मग उठली, झाडाशी घागर रिकामी केली, घासून उन्हात पालथी घातली.

"भाऊले पेज दी येस," म्हणाली आणि पेजेचा डबा घेऊन मामांच्या घराकडे चालू लागली. वडील गेल्यापासून ती कुणाच्या दारात गेली नव्हती. मामांच्या तापाचं मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी वाटलं नाही.