गुडघ्याखालचा पत्रा

गुडघ्याच्या वर जे काही जग आहे, त्याच्याशी आमच्या व्याह्यांचा काहीएक संबंध नाही. लेकीचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी कोणती साडी नेसले होते हे त्यांना आजवर एकदाही सांगता आलेलं नाही. माझ्या चपलेला लागलेला चिखल शिरूरचा की नदीपलीकडचा, हे मात्र ते उंबऱ्यातूनच ओळखतात. माणूस भेटला की आपण तोंड बघतो. हे गाडीचं पोट बघतात. पाटसला त्यांचा एक ट्रक होता. हंगामात ऊस वाहायचा, एरवी खडी. दारांचा तळ, पायऱ्या, चाकांवरचे मडगार्ड असा त्याचा सगळा खालचा पत्रा त्यांनी ज्या निष्ठेनं जपला, त्या निष्ठेनं लोक देव जपत नाहीत. आधी घासघासून पत्रा उघडा करायचा, मग लाल प्रायमर, त्यावर काळं रबरी कोटिंग, ते वाळलं की पुन्हा एक हात, आणि पुढल्या वर्षी, उगीच राहायला नको म्हणून, आणखी एक. "इहीणबाई, चिखलाचं काय न्हाई," ते मला समजावून सांगत, "चिखल धुतला की जातो. उसाचा गोडवा वाईट. गोड चिकाटलं की मुंगी आन् गंज बरुबरच येत्यात."

लग्नात व्याहीभेटीच्या वेळी त्यांनी आमच्या यांना अशी कडकडून मिठी मारली, की यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर दोन काळे पंजे उमटले. सकाळीच मडगार्डला कोटिंगचा हात देऊन आले होते. मी तेव्हा वरमाईपेक्षाही जास्त तोरा मिरवत होते. नाक असं मुरडलं की फोटोतही ते वाकडंच आलंय. पुढं त्यांच्या ट्रकमध्ये बसायची वेळ आली, तेव्हा कळलं की पायरीवर पाय देण्याआधी पोत्यावर चपला पुसाव्या लागतात. मग ते दाराच्या तळावर नखानं टकटक करणार, कलिंगड घेताना करतात तशी, आणि आवाज पसंत पडला तरच गाडी हलणार.

माझे जावई मात्र गाडी विकायच्या मागे लागले होते. "आप्पा, लई जुनी झाली. इकू आन् नवी घिऊ." त्यावर बापलेकांत एक करार ठरला. दर वर्षी हंगाम संपला की जावयांनी पोती शिवायचा दाभण घेऊन खालच्या पत्र्याला सगळीकडून टोचून बघायचं. आरपार गेला तर गाडी विकायची, नाही गेला तर वर्षभर तोंड उघडायचं नाही. घरात या दाभणाला सणासारखं महत्त्व आलं. आप्पा त्या दिवशी धुवट कपडे घालत. दाभण कधीच आत गेला नाही, आणि त्या दिवशी आप्पा पुरणपोळी करायला लावत.

गेल्या हंगामाच्या शेवटी ते आमच्या शिरूरला खडी टाकायला आले होते. मला लेकीकडे जायचं होतं, म्हणून परतताना त्यांच्याबरोबर बसले. सकाळीच त्यांनी गाडीला बराच वेळ पाण्याचा पाइप लावला होता, नुसती झळाळत होती. न्हावरे सोडलं, खड्डे लागले, आणि माझ्या शेजारच्या दारातून आवाज आला, डुचूक.

"आप्पा, दारात पाणी आहे."

"डिझेल हिंदकळतंय त्ये."

"डिझेल माझ्या मांडीला लागून असतं होय?"

त्यांनी गिअर बदलला. पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. नवी नवरी असताना मला शहाणपणाचा मोठाच आजार होता. कुंडीतलं पाणी झिरपून नव्या फरशीवर डाग पडतात, म्हणून मी तुळशीच्या कुंडीचं बुडाचं भोक सिमेंटनं बुजवलं, आणि वरून रोज भक्तिभावानं तांब्याभर पाणी घालत राहिले. तुळस काळी पडली. सासूबाईंनी कुंडी हलवली तर आतून हाच आवाज, डुचूक. त्या एवढंच म्हणाल्या, "फरशी मात्र छान राहिली हो!"

हे सांगितल्यावर आप्पा खो खो हसले. मी सहज विचारलं, "दाराच्या बुडाला पाणी जायला भोकं असतात ना?"

"व्हती की. कंपनीवाल्यांचा कामचुकारपणा! पैल्याच वर्साला लांबीचा लगदा भरून बुजिवली म्या, वर चार हात कोटिंग…"

हसू तिथंच थांबलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून उकिडवे बसले आणि सीटखालच्या दाभणानं दाराच्या तळाची एक बुजलेली जागा उकरली. चहाच्या चोथ्यासारखं पाणी वाहायला लागलं, ते थांबेचना. मग त्यांनी तिथं नुसता अंगठा दाबला. अंगठा आत गेला. आतला पत्रा केव्हाच संपला होता. बाहेरचं कोटिंग तेवढं चामड्यासारखं ताठ उभं होतं.

करार मला माहीत होता. मी म्हटलं, "मी काही बघितलं नाही बरं का. मला मोतीबिंदू आहे."

"मला न्हाई की," आप्पा म्हणाले.

घरी पोचल्यावर त्यांनी स्वतःच लेकाच्या हातात दाभण दिला. "औंदा नीट दाबून बघ."

जावई खाली बघत म्हणाले, "आप्पा, नीट तर म्या कवाच दाबलं नव्हतं."

गाडी दौंडला भंगारात गेली. तोडणारा वैतागला, कोटिंग सुटता सुटेना. आप्पांनी हे मला फोन करून सांगितलं, "पत्रा सपला, पर माझा हात न्हाई सुटला!" नव्या गाडीला कोटिंग कंपनीतूनच येतं, तिला ते हात लावत नाहीत. त्यांचे पंजे आता माझ्यासारखेच गोरेगोमटे झालेत, आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नाही. कधी खिशात, कधी पाठीमागे.

आमच्याकडे आले की मात्र चहाच्या आधी ते अंगणात जातात. कण्हत कण्हत गुडघे टेकतात, हिराची काडी घेऊन माझ्या तुळशीच्या कुंडीचं बुडाचं भोक मोकळं करतात, आणि पाणी झिरपलं की मान वर न करताच म्हणतात, "बुजलं व्हतं, इहीणबाई. ध्यान ठिवत जावा."

"राहिलंच हो," मी म्हणते.

ते येणार असले, की सकाळी मीच त्या भोकात चिमूटभर माती दाबून ठेवते.