ड्रमवरच्या मुलीची आई

गेटवरच्या सुरक्षारक्षकाने मला हातानेच बाजूला व्हायची खूण केली. "मॅडम, मुलांना न्यायला आलेल्यांनी तिकडे थांबायचं. पार्किंगपाशी खुर्च्या टाकल्यात."

मी फोनवरचं तिकीट पुढे केलं. त्याने ते दोनदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, "यांना पट्टा बांध." तिने माझ्या मनगटावर कागदी पट्टा चिकटवला. बांगड्या मध्ये येत होत्या म्हणून तिने त्या अलगद वर सरकवल्या. कितीतरी दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता, हे तेव्हा एकदम जाणवलं.

मी एकोणपन्नास वर्षांची. खांदा कॉलनीत राहते, एका विमा कचेरीत काम करते. मुलगी नववीत असताना नवरा गेला आणि घरात आम्ही दोघीच उरलो. त्यानंतर कधीतरी मुलगी हे असलं संगीत ऐकायला लागली. खोलीचं दार लावून, मोठ्या आवाजात. गिटारची खरखर, ड्रमचा धडधडाट आणि त्यावर कोणीतरी घसा फाडून ओरडतंय. मी दारावर थापा मारून म्हणायचे, "आवाज कमी कर, खालच्या काकू येतील." आणि काकू खरंच यायच्या, महिन्यातून दोनदा तरी.

दोन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला जर्मनीला गेली. ती गेल्यावर महिन्याभराने काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "आता कसं शांत वाटतं, नाही?" त्या वाईट बाई नाहीत, सहज म्हणाल्या. मी "हो ना" म्हटलं, वर आले, आणि चप्पलही न काढता मुलीच्या खोलीत गेले. तिचे स्पीकर तिथेच होते. तिच्या जुन्या फोनमध्ये गाणीही होती. मी एक गाणं लावलं आणि आवाज पार शेवटपर्यंत नेला. मग दाराकडे बघत बसले. काकू वर येतील, रागावतील, मी माफी मागेन, मग चहाला बसा म्हणेन. चार गाणी झाली. कोणी आलं नाही.

तेव्हापासून ऐकायला लागले ते ऐकतच राहिले. आधी तो नुसता गोंगाट होता. हळूहळू गोंगाटात कोण काय करतंय ते वेगळं ऐकू यायला लागलं. मला ड्रम आवडायचे. भाकरी थापताना हात त्या तालावर पडायला लागले. हे मी कोणाला सांगितलं नाही. ऑफिसात सांगितलं असतं तर हसले असते, आणि मुलीला सांगायचं मी राखून ठेवलं होतं.

जानेवारीत हायवेच्या कोपऱ्यावर फलक लागला. गोवा हायवेला, कर्नाळ्याच्या अलीकडे एका मोकळ्या मैदानावर रॉक आणि मेटलचा दोन दिवसांचा फेस्टिव्हल होता. मी पहिल्या दिवसाचं तिकीट काढलं. ऑफिसात सांगितलं, नात्यात साखरपुडा आहे. शनिवारी दुपारी कपाटातला एकमेव काळा कुर्ता घातला आणि रिक्षा केली.

आत गेले तेव्हा तीन वाजले होते. मैदान केवढं मोठं, आणि माणसं जेमतेम शंभर. स्टेजजवळ काही पोरं घोळक्याने उभी, बाकीची मांडवाच्या सावलीला. सगळ्यांच्या अंगात काळे टीशर्ट. पहिला बँड वाजवायला लागला आणि माझ्या छातीत कोणीतरी आतून ठोसे मारतंय असं वाटलं. घरच्या स्पीकरवर ते कधी कळलं नव्हतं. हा आवाज कानाने कमी आणि पोटाने जास्त ऐकायचा असतो. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले. मला फार आवडलं, आणि ते शेजारी कोणाला सांगावं तर शेजारी कोणी नव्हतं.

पहिला बँड संपल्यावर मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती.

"आई, कुठेयस तू? मागे काय आहे ते?"

"ओळख बघू." मी फोन स्टेजकडे फिरवला.

"हे काय? फेस्टिव्हल? तू कोणाबरोबर गेलीस?"

"एकटीच आलेय. तुझं आवडतं ना हे. म्हटलं बघावं तरी."

"अगं, मी कधीच सोडलं ते. इथे आल्यापासून एकदाही नाही ऐकलं. ते त्या वेळचं होतं गं, आई." मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं असावं. "पण मस्तच की! एन्जॉय कर. फोटो पाठव मला." मागून कोणीतरी तिला हाक मारली. ती तिकडे वळून जर्मनमध्ये काहीतरी बोलली, हसली, मला हात हलवला आणि फोन बंद झाला.

त्या वेळचं म्हणजे कुठल्या वेळचं, ते मला माहीत होतं. तिचे बाबा गेले तेव्हाचं. ती दाराच्या आत होती आणि मी बाहेर उभी राहून आवाज कमी कर म्हणत होते. आत जाऊन तिच्याशेजारी बसावं, असं मला एकदाही सुचलं नव्हतं. आता मी आत येऊन बसले होते, तर ती खोली सोडून गेली होती.

मी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले, तोवर दुसरा बँड वाजवून संपत आला. तिथे कॉलेजातल्या दोन मुली आणि त्यांचा एक मित्र बाटल्या भरत होते. त्यातल्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं, "आंटी, तुम्ही कोणाबरोबर आलात? तुमचं कोणी वाजवतंय का?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण माझ्या तोंडून निघालं, "हो. माझी मुलगी."

"खरंच? कुठल्या बँडमध्ये?"

फलकावर मी पाहिलं होतं की, तिसऱ्या बँडमध्ये एक मुलगी ड्रम वाजवते. "आता तिसरा येईल ना, त्यात. ड्रमवर."

पोरं जी हरखली! "आंटी, तुम्ही इथे मागे काय करताय? चला पुढे!" चष्मेवालीने तिच्या खिशातून कानात घालायचे फोमचे बोळे काढून मला दिले, कसे घालायचे तेही दाखवलं. तिघांनी मला मध्ये घेऊन स्टेजसमोरच्या कठड्यापर्यंत नेलं. वाटेत मित्र लोकांना सांगत होता, "साइड प्लीज, ड्रमरची आई आहे." लोक खरंच बाजूला होत होते. एकाने तर वाकून नमस्कार केला. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

बँड आला. ती मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. बारीक अंगाची, केस करकचून बांधलेले. बसली, खुर्ची पुढे ओढली, आणि सुरू झाली तेव्हा एवढ्याशा शरीरातून हे कुठून येतंय ते कळेना. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात अचानक सगळं बंद पडलं. दिवे, माइक, गिटार, सगळं. जनरेटर गेला होता. गिटारवाले एकमेकांकडे बघत थांबले. ती थांबली नाही. नुसता लाकडाचा आणि चामड्याचा आवाज, कुठल्याही यंत्राविना. मैदानभर पांगलेली माणसं चालत पुढे आली. ती खाली मान घालून वाजवत होती, वेग वाढवत होती, आणि मी एवढी मोठ्याने ओरडले की, चष्मेवाली दचकली. काय ओरडले ते आठवत नाही. शब्द नव्हतेच. नवरा गेला तेव्हासुद्धा मी अशी ओरडले नव्हते, मुलीसमोर कसं ओरडायचं म्हणून. ती वाजवत होती तोवर मी ओरडत होते, आणि शंभरेक माणसांत ते कोणाला विचित्र वाटलं नाही.

सातआठ मिनिटांनी जनरेटर सुरू झाला. शेवटची दोन गाणी झाली. मग पोरांनी माझा हात धरला. "चला आंटी, भेटून येऊ तिला!"

"नको, दमली असेल ती."

"असं काय करताय? आई आहात तुम्ही!"

स्टेजमागे दोर बांधला होता. पलीकडे ती मुलगी पायरीवर बसून बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती. मित्राने हाक मारली, "अहो, तुमची आई आलीय!"

तिने वर पाहिलं. आधी माझ्या मागे, मग माझ्याकडे. ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "नाही. मी हिची आई नाही. मी खोटं बोलले."

मित्र उगाच हसला. चष्मेवाली म्हणाली, "इट्स ओके, आंटी," पण माझ्याकडे न बघता. थोडा वेळ घोटाळून, पुढचा बँड सुरू होईल असं काहीतरी पुटपुटत ती पोरं गेली. मी कानातले बोळे काढून चष्मेवालीला द्यायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

ड्रमवाली मुलगी दोरापाशी आली. रागावली असेल असं वाटलं. "का सांगितलंत असं?" तिने विचारलं.

"एकटी आलेय म्हणायची लाज वाटली."

तिने मान डोलावली. "लाइट गेले तेव्हा तुम्हीच ओरडत होतात ना?"

"हो. त्रास झाला का?"

"छे. मला वाटत होतं थांबावं. हात भरून आले होते. पण समोर कोणीतरी एवढं ओरडतंय म्हटल्यावर थांबणार कशी?" मग तिला आतून कोणीतरी बोलावलं, गाडीत ड्रम भरायचे होते. "पाणी प्या तुम्ही, घसा बसलाय," एवढं म्हणून ती गेली.

मी मैदानाच्या पार टोकाला गेले, जिथे आवाज जरा कमी होता. ऊन उतरलं होतं. कुंपणाच्या तारेपलीकडे एका घरातली माणसं पोपटी लावत होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी घालून ते उपडं ठेवलं होतं आणि भोवती जाळ केला होता. एक म्हातारी खाटेवर बसून माझ्याकडे बघत होती.

"कान नाय दुखत तुमचं?" तिने विचारलं.

"सवय झाली."

"आमची जागा हाय ही. भात लावायचो आमी हितं. आता माजी पोरं भाड्यानं देतात." तिने स्टेजकडे हनुवटी केली. "काय वरडतात, काय कलत नाय. पन पोरं गुणी हायेत, मगाशी पानी मागायला आलेली. तुमी कुनाच्या संगं?"

"कोणाच्या नाही. एकटीच आलेय."

"बरं मग," म्हातारी म्हणाली, जणू मी गाव सांगितलं होतं. मडकं फोडल्यावर तिने केळीच्या पानावर शेंगा आणि एक बटाटा तारेवरून माझ्या हातात दिला. मी तिथेच उभ्याने खाल्लं. शेंगांना धुराचा आणि त्या पाल्याचा कडसर वास होता. ती तिच्या माणसांशी बोलायला लागली, मी शेंगा सोलत राहिले.

नंतर आणखी एक बँड मागेच गवतावर बसून ऐकला. पुढे कठड्यापाशी ती तीन पोरं उड्या मारताना दिसत होती. चष्मेवालीने एकदा मागे वळून पाहिलं, बहुधा मलाच शोधत असेल, किंवा नसेल. मी हात वर केला नाही. अंधार पडायला लागला तशी मी रिक्षा शोधायला निघाले. पार्किंगपाशी खुर्च्यांवर दहाबारा आईबाप फोन बघत बसले होते. त्यांच्यासमोरून जाताना एका बाईने विचारलं, "अजून चालणार आहे का हो बराच वेळ?"

"तासभर तरी," मी म्हटलं. माझा घसा इतका बसला होता की, तिला ऐकू गेलं नाही. मला ते पुन्हा सांगावं लागलं.

मुलीला मी एक फोटो पाठवला, रिकाम्या स्टेजचा. तिने लाल बदाम पाठवला. खोट्याचं आणि ओरडण्याचं तिला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी आवाजाला काय झालं विचारलं, तेव्हा साखरपुड्यातलं आइस्क्रीम बाधलं म्हणाले.