आर्डिसच्या वडीचा शेवटचा तुकडा

आर्डिस नायगार्डचं नाव एकाही खोक्यावर छापलेलं नाही. पण आमच्या मिनेसोटातल्या या गावच्या खाऊ-कंपनीने विकलेल्या निम्म्या जिनसा तिच्याच हातून गेल्यात. साहेबांच्या डोक्यात कल्पना यायची आणि आर्डिसने ती खाण्याजोगी करायची. लोणच्याच्या चवीचं आइस्क्रीम नावाचं संकटही तिनेच निस्तरलं. निवृत्तीच्या वर्षी मात्र तिने पहिल्यांदाच स्वतःची कल्पना मांडली: रूबार्बच्या आंबट दांड्यांची, वेलदोडा घातलेली वडी. मांडली म्हणजे काय, बैठक संपून सगळे उठल्यावर दाराशी पुटपुटली, "अगदीच वाईट नाहीये." आमच्याकडे याहून मोठी फुशारकी कुणी मारत नाही.

नवा साहेब ब्रेंट, टेक्सासचा. त्याचा नियम सोपा: गावातली माणसं बोलवायची, टेबलावर ताटली ठेवायची आणि आपण एका बाजूने आरपार दिसणाऱ्या आरशामागे बसून बघायचं. लोक तोंडाने काहीही सांगतात म्हणे, ताटली खोटं बोलत नाही. रिकामी झाली तर माल बाजारात, काही उरलं तर कल्पना बाद.

आम्ही चर्चमधली मंडळी चाखायला बसलो. वड्या बघता बघता उडाल्या. उरली एक. आता, आमच्या गावात शेवटचा तुकडा उचलणं म्हणजे... त्यापेक्षा बँक लुटलेली परवडते.

"घे गं लव्हॉन."

"छे बाई, पोट तुडुंब भरलंय. गर्ड, तूच घे, किती वाळलीयस!"

"मी? चष्मा बदल आधी."

गर्डने अर्धी कापून घेतली. लव्हॉनने उरलेल्या अर्धीची अर्धी. मी तिचीही अर्धी. शेवटी पलीकडचं दिसेल एवढी पातळ चकती उरली आणि आम्ही सगळे सभ्यपणे छताकडे बघू लागलो.

आरशामागे काय झालं ते मला नंतर कळलं. कुणाकडून, ते विचारू नका. ब्रेंट म्हणाला, "उरली. बाद."

"बरं," आर्डिस म्हणाली. नवऱ्याच्या दफनालाही ती एवढंच म्हणाली होती.

पुढच्या आठवड्यात खुद्द ब्रेंटची कल्पना आली: समुद्री शेवाळाचे तिखट चिप्स. चाखायला पुन्हा आम्हीच. ताटली लख्ख! ब्रेंट आरशामागे नाचलाच. आभार मानायला धावत बाहेर गाड्यांपाशी आला, तर लव्हॉन पर्समधून रुमाल काढून बदकांपुढे झटकतेय. एका बदकाने चिप उचलला, मान झटकून टाकून दिला आणि आमच्याकडे रागाने बघितलं.

"हे काय चाललंय?"

लव्हॉन लालबुंद झाली. "अहो, तसेच ठेवले असते तर बनवणाऱ्याला वाईट नसतं का वाटलं?"

"मग त्या वड्या? त्या का नाही संपवल्या?"

"शेवटचा तुकडा?" गर्डने छातीवर हात ठेवला. "अरे बाबा, आम्हाला याच गावात राहायचंय!"

ब्रेंटने त्या बदकांकडे बघितलं. मग आत गेला, थेट आर्डिसच्या ओट्याशी. "ती वडी पुन्हा बनवा."

"बरं," आर्डिस म्हणाली. पण या खेपेला तिचे कान लाल झाले होते.

वडीचं पहिलं खोकं तिच्या निरोपसमारंभात फोडलं. बघता बघता एकच उरली. सगळे छताकडे बघू लागले. ब्रेंटने हात पुढे केला. त्याने एकदा आर्डिसकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"सुरी आहे का हो कुणाकडे?"