फोटोतल्या ट्राउटचा डोळा

मासा घेताना मी आधी डोळा बघते. लालबागच्या बाजारात आईच्या मागे पिशवी धरून उभी राहायचे, तेव्हापासूनची ही सवय. डोळा फुगीर, काळाभोर आणि ओला असला तर मासा ताजा. सपाट होऊन त्यावर दुधाळ पडदा आला असेल, तर तो बर्फात मुक्काम करून आलाय असं समजायचं आणि पुढच्या कोळणीकडे वळायचं. पुढे मी जैवरसायनशास्त्र शिकले, तो पडदा का येतो तेही कळलं. पण निकष आईचाच राहिला. असं असूनही त्या फोटोत मी कितीतरी दिवस फक्त माणूस बघत होते.

हा माणूस म्हणजे मला सांगून आलेलं स्थळ. गिरगावातलं जुनं घर. आजोबा-पणजोबा कचेऱ्यांत कारकून, वडील चार्टर्ड अकाउंटंट, तो स्वतः इमारतींचे आराखडे करणारा इंजिनिअर. आम्ही गिरणगावातले. आईच्या मते स्थळ आमच्यापेक्षा वरचं होतं आणि म्हणून मी फार प्रश्न विचारू नयेत. मला मात्र एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. परळच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथल्या कामाच्या जोरावर मला परदेशात दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळत होतं, आणि ते मी घेणार होते. याआधीची सगळी स्थळं याच मुद्द्यावर अडखळली होती. हा अडखळला नाही. दादरच्या एका कॅफेत पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "जा की. दोन वर्षं म्हणजे काय? घरी मी बोलतो." दुसऱ्या भेटीत खुर्चीवर बसता बसताच म्हणाला, "घरी बोललो. काही प्रॉब्लेम नाही."

मला इतक्या सोप्या निकालांचा संशय येतो. प्रयोग पहिल्याच फटक्यात जुळला तर आम्ही तो पुन्हा करतो.

म्हणून सहलीची कल्पना माझी. आजवर सगळ्यात कठीण काय केलंस, असं मी त्याला विचारलं होतं, तेव्हा त्याने हिमाचलातल्या एका नदीत गळ टाकून ट्राउट पकडल्याची गोष्ट सांगितली आणि रात्री फोटो पाठवला: मागे देवदार, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात आडवा धरलेला चकचकीत मासा. मी म्हटलं, मग उन्हाळ्यात तिथेच जाऊ या. कॅफेत सगळेच चांगले वागतात. ओल्या मोज्यांत, अर्धवट शिजलेल्या भातासमोर माणूस कसा वागतो ते मला बघायचं होतं. त्याची विवाहित बहीण आणि तिचा नवरा बरोबर येणार म्हटल्यावर त्याच्या घरून हरकत आली नाही. आमच्या घरून आली.

"होकार दिल्याशिवाय डोंगरात ऱ्हवाक जातलस?" आई म्हणाली. "चाळीत काय सांगू गो मी? माशे धरूक गेली म्हणान?"

शेवटी असं ठरलं की तिकिटं काढण्याआधी मी हो किंवा नाही ते सांगायचं. म्हणजे मला जे डोंगरात तपासायचं होतं, ते मुंबईतच तपासणं भाग पडलं.

पहिली बैठक त्यांच्या घरी, एका रविवारी. दिवाणखान्यात शिरताच तोच फोटो भिंतीवर दिसला. मोठा करून, काचेच्या चौकटीत, थेट आजोबांच्या फोटोशेजारी. त्याच्या वडिलांनी मला त्यासमोर उभं केलं. "दीड किलोचा होता," ते म्हणाले. "खोताच्या वाडीपर्यंत सगळ्यांना दाखवून झालाय."

ताई, म्हणजे त्याची बहीण, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. "तंबू दोन. एकात आपण दोघी, दुसऱ्यात हे दोघे घोरणारे. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं आणि त्याच्याकडे वळले. "गळाला काय लावायचं?"

"गांडूळ. नाहीतर ती पिसांची खोटी माशी असते ना, ती."

"मी वाचलं की नदीच्या काही पट्ट्यांत नियमाने फक्त खोटी माशीच चालते."

"ते तिथे गेल्यावर कळतं. लोकल माणूस असतो बरोबर."

"तुझा कशावर लागला होता?"

"कशावर म्हणजे?"

"गांडुळावर की माशीवर?"

ताईने लॅपटॉपवरून नजर उचलली, भावाकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. "माशीवर," तो म्हणाला.

"आणि आपण जाऊ तेव्हा बर्फ वितळून पाणी गढूळ असलं, तर माशाला माशी दिसेल?"

तो हसला. "तू माझी व्हायवा घेतेयस का?"

"घे, घे," काकू, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघरातून ओरडल्या. "लग्नाआधीच घे. नंतर कोणी उत्तरं देत नाही."

सगळे हसले, मीही हसले. पण परतताना टॅक्सीत ताईची ती नजर माझ्याबरोबर आली. ज्याला मासा लागतो, तो कशावर लागला हे विसरत नाही. भाऊच्या धक्क्यावर हौसेने गळ टाकून बसणारे माझे काका कुठल्या पावसाळ्यात, कुठल्या कोळंबीवर कुठला मासा लागला ते न विचारता सांगतात.

घरी आल्यावर मी फोटो मोठा केला आणि पहिल्यांदा माशाकडे बघितलं. डोळा सपाट होता, आणि त्यावर पांढुरका पडदा. डोक्याजवळ एका हाताने धरला असूनही मासा पट्टीसारखा सरळ होता, शेपटी जरासुद्धा खाली झुकलेली नव्हती. नुकता पाण्यातून काढलेला मासा असा ताठ राहत नाही, त्यासाठी त्याला मरून काही तास जावे लागतात. शंकेला जागा राहू नये म्हणून मी मत्स्यशेतीतल्या माशांवरचे दोन लेख शोधून वाचले. सिमेंटच्या हौदात दाटीने वाढलेल्या ट्राउटचे पर घासून बोथट होतात. या ट्राउटचा पाठीवरचा पर नखं कुरतडलेल्या बोटासारखा दिसत होता.

म्हणजे हा मासा नदीत कधी गेलाच नव्हता.

मी आईला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला. "बर्फातलो हा," ती शांतपणे म्हणाली आणि फोन परत दिला. "मग काय झाला? पुरुष मासो वाढवूनच सांगतत. तुझे काका काय कमी सांगतत?"

"वाढवून नाही, आई. विकत घेऊन."

"मासो खोटो असात. माणूस बरो आसा ना?"

नेमकं हेच मला ठरवता येत नव्हतं. माशाबद्दल माझी तक्रार नव्हती. पण "घरी बोललो" या दोन शब्दांना माझ्याकडे दुसरा कुठलाच पुरावा नव्हता. ते सांगणारा तोच एक साक्षीदार होता, आणि त्या साक्षीदाराची एक साक्ष खोटी निघाली होती. त्या दोन शब्दांवर मी लग्न करणार होते.

पुढच्या रविवारी दादरहून भाड्याने आणलेला तंबू लावून बघायला आम्ही त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. तो तंबूही लावू शकणार नाही अशी माझी अटकळ होती, आणि ती साफ चुकली. त्याने काठ्या न बघता जोडल्या, वाऱ्याची दिशा बघून दार फिरवलं, गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून पाण्याचे डबे भरून कोपरे दाबले. हा माणूस तंबूत राहिलेला होता, हे निर्विवाद. माझं गृहीतक अर्धं कोसळलं. ताई चहाचं बघायला खाली गेली, तेव्हा मी विचारलं.

"मासा कुठून घेतलास?"

तो डब्याचं झाकण लावत होता. ते त्याने नीट बसवलं, मग उठून उभा राहिला. "ताईने सांगितलं?"

"माशाने सांगितलं. बर्फातला आहे. हौदात वाढलेला."

तो चक्क हसला, सुटल्यासारखा. "यार, पाच वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही." सगळं सांगितलं त्याने. नदीत रोज कमरेपर्यंत उभा राहिला, एकही मासा लागला नाही. निघायच्या दिवशी बाबांचा फोन आला की मुलगा ट्राउट पकडणार असं त्यांनी इमारतीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. म्हणून बाजारातल्या एका बर्फाच्या पेटीतून मासा घेतला आणि पुन्हा नदीवर जाऊन फोटो काढला. "म्हटलं, गंमत आहे, नंतर सांगून टाकू. पण बाबांनी फ्रेमच करून आणली. भिंतीवर लागल्यावर काय सांगणार?"

"मला का सांगितलंस? माझी तर भिंत नव्हती."

"तू विचारलंस, सगळ्यात कठीण काय केलं. तुझ्याकडे सांगण्यासारखं एवढं काय काय होतं. मला काहीतरी हवं होतं."

मला तो त्या क्षणी आवडला, हे इथे नोंदवायला हवं. उत्तर प्रामाणिक होतं आणि कारण समजण्यासारखं होतं. बाबांना वाईट वाटू नये म्हणून विकत घेतलेल्या माशावर नकार देणारी बाई मी नव्हे. मी फक्त पुढचा प्रश्न विचारला.

"आणि माझं जाणं? घरी बोललास ते?"

"ते खरं," तो लगेच म्हणाला, माझ्या डोळ्यांत बघून. "ते बोललोय. शपथ."

आम्ही खाली आलो. मी ठरवलं होतं की चहा घेऊन होकार सांगायचा आणि तिकिटं काढायला सांगायची. ताई लॅपटॉप उघडून तयारच होती. काकूंनी माझ्यापुढे बशी सरकवली, त्यात करंज्या होत्या, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पावसाआधी उरकून टाकू बाई सगळं. तुला इथून परळ ते काय, टॅक्सीत बसलं की पोचलं. आणि ते परदेशाचं तू स्वतःहून सोडलंस ना, फार बरं वाटलं. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, मुलगी समजूतदार आहे."

मी कप खाली ठेवला. "काकू, मी ते सोडलेलं नाही."

"अगं, पण हाच म्हणाला..."

"कधी?"

"झाले की दिवस. तुम्ही दुसऱ्यांदा भेटलात, त्याच्या आदल्या रात्री." त्यांनी मुलाकडे बघितलं. तो करंज्यांकडे बघत होता.

"मी तुला सांगितलं होतं," ताई भावाला म्हणाली. आवाज अगदी हळू, पण खोली लहान होती.

म्हणजे तो घरी बोलला होता, हे खरंच होतं. काय बोलला, हे मी विचारलं नव्हतं.

काकूंचा यात काही दोष नव्हता, म्हणून मी त्यांना सरळ आणि सौम्यपणे सांगितलं की हिवाळ्यात मी जाणार आहे, दोन वर्षांसाठी, आणि हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. त्याच्या वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. कोणी आवाज चढवला नाही. ते घर आवाज चढवणारं नव्हतं. मी ताईला तिकीट न काढायला सांगितलं आणि निघाले.

तो जिन्यात माझ्या मागे आला. "ऐक ना. मी समजावणार होतो."

"कोणाला?"

"म्हणजे?"

"मला की त्यांना?"

तो कठड्याला धरून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याने उत्तराला वेळ घेतला. "ज्याला आधी पटेल त्याला," तो म्हणाला.

या सगळ्या प्रकरणात त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाक्य. त्यात कपट नव्हतं. कोणालाही नाराज न करता दिवस पुढे ढकलणाऱ्या माणसाचं ते वाक्य होतं, आणि ढकललेला दिवस शेवटी ज्याच्या अंगावर येतो ती व्यक्ती मी असणार होते. मी त्याला नाही म्हटलं. तिथेच, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये. त्याने विचारलं, "एका गोष्टीसाठी?" मी म्हटलं, "हो."

घरी आईने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी तिच्या चिडण्याची वाट बघत होते. ती चिडली नाही. भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "आणि त्याने तुका आधीच सांगितला असता, घरचे नको म्हणतत म्हणान? तर?"

"तर त्याच्याबरोबर बसून मीच त्यांना समजावलं असतं."

"नाय समजले असते तर?"

"तरी हो म्हणून हिमाचलची तिकिटं काढली असती, आई."

भाजी बाजूला सारून आई म्हणाली, "त्यांका नाय म्हणान फोन मी करतंय. तू जेवून घे."