बाबांनी आणलेली शाल

माझा नवरा भांडकुदळ नाही. ट्राममध्ये कुणी त्याचा पाय तुडवला तरी सॉरी हाच म्हणतो, आणि त्यावरून मी त्याला लग्नापासून बोलत आले आहे. अकोल्याच्या धम्मपालने जर्मनीत डार्मश्टाटला येऊन औषधांच्या कंपनीत संशोधन करावं, हे समजू शकतं. पण त्याने ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या नादी का लागावं? लांबट चेंडू, चार खांब, हातही चालतात आणि पायही. जर्मनांनाही धड ठाऊक नसलेला खेळ. आमच्या लीगमध्ये चारच संघ. मैदानावरच्या रेषासुद्धा खेळाडूच मारतात. "कबड्डीसारखंच आहे गं," एवढंच तो म्हणायचा. कबड्डी त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलेली. सुदामबाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते.

गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून यंदाचा सीझन शेवटचा असं त्याने ठरवलं. आणि काय खेळला! इथे प्रत्येक सामन्यानंतर पंच तिघांना मतं देतात. ती पाकिटात बंद राहतात आणि सीझनच्या शेवटी बक्षीस समारंभात सगळ्यांसमोर वाचली जातात. ज्याला सर्वांत जास्त, त्याला 'बेस्ट अँड फेअरेस्ट'चं मेडल. नुसतं चांगलं खेळून भागत नाही, नीट वागावंही लागतं. सीझनमध्ये बंदी आली, तर मतं वाचतात, पण मेडल दुसऱ्याला जातं. "या वर्षी जमेल बहुतेक," असं त्याने फोनवर सांगितलं आणि बाबांनी व्हिसाची तयारी सुरू केली.

जुलैत न्युरेम्बर्गशी सामना होता. त्यांच्या संघात पुण्याचा एक आयटीवाला नवीन आला होता. मराठी माणूस म्हणून मी त्याला डब्यातले पोहे दिले. त्याने आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग आणखी थोडं विचारलं. सामन्यात धम्मपालने त्याच्याकडून चेंडू काढून घेतला, तेव्हा तो जातीवरून बोलला. हळूच, मराठीत. मैदानावर ते कळणारा दुसरा कुणी नव्हता. धम्मपालने त्याच्या तोंडावर ठोसा मारला.

लीगच्या समितीने धम्मपालला विचारलं, तो पुण्याचा काही बोलला का? हा म्हणाला, नाही. एका सामन्याची बंदी.

"सांगायचं नाही का?" मी घरी येऊन भडकले.

"काय सांगू, क्रांती? आधी शब्दाचा अर्थ सांगायचा, मग तो मला का लागतो ते सांगायचं. हे बघ, चांगली माणसं आहेत, कीव करतील. इथे मी नुसता धम्मा आहे. तेवढं राहू दे."

तोवर बाबांचं तिकीट निघालं होतं. मेडल नाही, हे त्यांना सांगायचा धीर आम्हाला झाला नाही. वाटलं, दुसऱ्याच कुणाला जास्त मतं पडतील, टाळ्या वाजवू आणि घरी येऊ. एवढीच आमची अक्कल.

बाबा आले. समारंभाच्या रविवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये मतं वाचायला सुरुवात झाली. बाबांना इंग्रजी कळत नव्हतं, मुलाचं नाव तेवढं कळत होतं. दरवेळी ते आलं की माझ्याकडे बघून हसायचे. शेवटची बेरीज वाचली, तर सगळ्यांत वर धम्मपाल. बाबा उठले. पिशवीतून अकोल्याहून आणलेली शाल काढली आणि ती उलगडत सरळ पुढे निघाले. सत्कार आपल्या हातून व्हावा, असं त्यांच्या मनात होतं, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात मेडलसाठी दुसऱ्याचं नाव पुकारलं. एक उंच पोरगा मान खाली घालून मंचावर गेला. बाबा मधोमध उभे, हातात उघडी शाल. मी जाऊन त्यांना धरून आणलं. "अहो बाबा, त्याच्यावर बंदी होती. त्याने मारामारी केली होती."

परतताना ट्राममध्ये बाबांनी शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मुलावर ते रागावलेत असंच मला वाटत होतं.

"मारलं तू?"

"हो."

"काय म्हणे तो?"

धम्मपाल खिडकीबाहेर बघत राहिला. बाबा त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "मराठीत बोलला का रे?"

धम्मपालने मानेनेच हो म्हटलं.

बाबांचे डोळे भरून आले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मले वाटलं होतं, तू सुटला," ते म्हणाले.

आमचा स्टॉप आला, तरी आम्ही तिघंही बसूनच होतो.