तीनला वीस कमी

सेंट जॉन नदीकाठच्या त्या कागद गिरणीत दुपारची पाळी तीनला सुरू होते, असं फक्त करारात लिहिलेलं होतं. माणसं यायची तीनला वीस कमी असताना. कागदाचं यंत्र कधी थांबत नाही. म्हणून पुढचा माणूस लवकर येऊन आधीच्याच्या शेजारी उभा राहायचा, आज कागद कुठे तुटतोय, कुठला रूळ तापतोय ते ऐकून घ्यायचा आणि त्याच्या खांद्यावर थाप मारायचा. थाप पडली की जुना मोकळा. रोझान डेगलच्या वडिलांनी अशाच थापा घेतल्या होत्या, आणि एकतीस वर्षं रोझानही घेत आली होती. त्यातली बारा वर्षं ती खात्याची युनियन प्रतिनिधी होती.

मार्चमध्ये हॅलोरन नावाचा नवा व्यवस्थापक आला आणि एके दिवशी फाटकाशीच उभा राहिला. एमिल व्हायोलेट हा जुना कामगार जेवणाचा डबा हलवत बाहेर पडला तेव्हा तीन वाजायला पंधरा मिनिटं होती. दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावणं आलं. अशा वेळी युनियन प्रतिनिधीला सोबत नेण्याचा हक्क होता, म्हणून त्याने आधी रोझानला फोन केला. तिची सुट्टी होती, तव्यावर कुट्टूच्या पिठाची धिरडी होती.

"मी येऊ का?" तिने विचारलं.

"एवढ्यासाठी कशाला? तुझी धिरडी करपतील."

"मग खरं ते सांगून टाक. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

एमिलने खरं ते सांगितलं. "हो, लवकर गेलो. रोजच जातो." त्यांनी ते लिहून घेतलं, खाली सही घेतली, आणि चालू यंत्र सोडून गेल्याबद्दल त्याला कामावरून काढून टाकलं. पूर्ण पेन्शनला त्याचे अकरा महिने उरले होते.

त्या सहीचा कागद रोझानने दोनदा वाचला. ती शेजारी असती तर पहिलाच प्रश्न विचारला असता: यंत्र सोडलं तेव्हा यंत्रावर कोण होतं? तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

युनियनच्या सभेत तरुण पोरं तापली होती. "यंत्रं बंद पाडू. बघू किती वेळ टिकतो हा हॅलोरन."

"करार चालू असताना संप करणार नाही, अशी सही आपणच केली आहे," रोझान म्हणाली. "त्याच्या बदल्यात प्रत्येक भांडण लवादापुढे नेण्याचा हक्क घेतलाय. तो वापरायचा."

"आणि हरलो तर?" मागून कुणीतरी बोललं. "तेव्हाही तू धिरडीच घालत असशील का ग?"

काही जण हसले. रोझान हसली नाही, रागावलीही नाही. "ती चूक माझी. म्हणूनच बाजू मीच मांडणार," एवढंच ती म्हणाली.

लवाद निवडण्याची रीत अशी, की सात नावांची यादी येते आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने एकेक नाव खोडायचं. शेवटी उरल्या पोर्टलंडच्या व्हिटकोम बाई. युनियनच्या जिल्हा कार्यालयातून फोन आला, "बाई सरळ आहेत, पण कडक. जुनी रीत मानतात, पण ती कंपनीलाही माहीत होती आणि मान्य होती, याचा पुरावा मागतात."

पुरावा! रोझान दोन आठवडे घरोघर फिरली. जो तो म्हणायचा, "अगं, हे सगळ्यांनाच माहीत आहे." पण सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीचा कागद कुणाकडेच नसतो. शेवटी तिने प्रश्न उलटा केला. एमिलच्या ओट्यावर बसून विचारलं, "तुझ्या जागी येणारा कधी उशिरा आलाय?"

एमिलने डोकं खाजवलं. "एकदाच. क्लोव्हिस. सहा वर्षं झाली. बरोबर तीनच्या ठोक्याला आला. फोरमन त्याला ऑफिसात घेऊन गेला होता."

क्लोव्हिस मिशो, म्हणजे साऱ्या गिरणीला वक्तशीरपणाचे धडे देणारा माणूस. एमिल गेला त्या दिवशीही थाप यानेच मारली होती. रोझान पोचली तेव्हा तो हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर बसून मासे धरायची लाकडी झोपडी बर्फावरून ओढून आणून परसात दुरुस्त करत होता.

"मला कसलंही पत्र मिळालेलं नाही," तो हातोडा खाली न ठेवता म्हणाला.

"पत्राचं मी नावही काढलं नव्हतं."

त्याने हातोडा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी झोपडीत डोळा लागला होता. बायकोलासुद्धा ठाऊक नाही. आयुष्यभर चिडवतील मला."

"चिडवतील," रोझान म्हणाली. "पण एमिल दुपारी यंत्रापाशी तुझ्या शेजारी नसेल, त्यापेक्षा ते बरं की वाईट, तूच ठरव. मी इथेच बसते."

ती खरंच उलट्या बादलीवर बसली. पाऊण तासाने क्लोव्हिस आत गेला आणि गळांच्या डब्याच्या तळातून घडी घातलेलं पत्र घेऊन आला. अशी पत्रं दोन वर्षांनी कंपनीच्या दप्तरातून काढून टाकायची, असा करार होता. शिल्लक प्रत एवढी एकच.

सुनावणी हमरस्त्यावरच्या मोटेलच्या हॉलमध्ये झाली. कंपनीच्या वकिलांनी एमिलची सही पुढे ठेवली. लवकर सुटणं ही फोरमनची मेहेरबानी होती, कंपनीला पत्ता नव्हता, असं ते म्हणाले. रोझानने हॅलोरनला विचारलं, "एमिल गेला तेव्हा यंत्रावर कोण होतं?"

"मिशो."

"त्याची पाळी तर तीनची. मग तो तिथे काय करत होता?"

"त्याची मर्जी. लवकर आला असेल."

मग क्लोव्हिस उभा राहिला. कान लाल, पण आवाज मोठा. त्याने पत्र वाचलं: आपण तीन वाजता कामावर आलात; रीतीप्रमाणे वीस मिनिटं आधी येऊन सहकाऱ्याला मोकळं न केल्याबद्दल ताकीद देण्यात येत आहे. खाली त्या वेळच्या व्यवस्थापकाची सही.

व्हिटकोम बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तीनला आला म्हणून कंपनीने एकाला ताकीद दिली, आणि तीनपर्यंत थांबला नाही म्हणून दुसऱ्याला काढलं. वकीलसाहेब, यंत्राशी एका वेळी किती माणसं उभी करायचा विचार आहे?"



निवाडा पाच आठवड्यांनी आला. त्या पाच आठवड्यांत रोझानला धड झोप लागली नाही. एमिलला कामावर परत घ्यावं, त्याची नोकरी अखंड धरावी, आणि रीत बदलायची असेल तर पुढच्या करारात बोलून बदलावी, असं त्यात होतं.

सोमवारी एमिल परत आला. तीनला वीस कमी असताना खांद्यावर थाप पडली.

"आज उशीर नाही केलास का रे?" एमिलने विचारलं.

"झोपडी विकली," क्लोव्हिस म्हणाला. "आता निघ, नाहीतर पुन्हा सही घेतील."

रोझान पलीकडच्या यंत्रावर होती. तिने मान वर केली नाही. तीन वाजता पॅकिंगमधल्या एका पोरीला ऑफिसात बोलावलं होतं, हरवलेल्या एका किल्लीसाठी. पोरगी येऊन सांगत होती, मी एकटी जाईन, काही नाही त्यात. रोझानच्याही खांद्यावर थाप पडली, तशी तिने हातमोजे काढले आणि ती पोरीसोबत निघाली.