आत्याने बंद केलेला पूल

माझी आत्या राज्यपाल झाली तेव्हा तिच्या दिमतीला चार मोटारी आल्या, पण त्यांतली एकही तिला चालवू देईनात. याचं तिला फार वाईट वाटायचं. तिचं सगळं आयुष्य स्टीअरिंगमागे गेलेलं.

आतोबा वारले तेव्हा दारात एक बस उभी होती आणि ती चालवणारे उस्ताद होते. नातेवाइकांचं एकच पालुपद: गाडी विकून टाक. आत्या उस्तादांना म्हणाली, "विकायचीच आहे, पण आधी मला चालवून बघू द्या." बंद पडलेल्या गिरणीच्या मैदानात उस्तादांनी तिला शिकवलं. शिकताना तिने गिरणीची भिंत दोनदा पाडली, असं उस्ताद सांगायचे. आत्या म्हणायची, एकदाच. दुसऱ्या वेळी ती आधीच पडलेली होती. वर्षभरात एका पाळीला उस्ताद, दुसऱ्या पाळीला आत्या, अशी ती एकच गाडी दिवसभर धावायला लागली. मग दोन झाल्या, दहा झाल्या. मी शाळेत जायला लागेपर्यंत आमच्या हिरव्या बस राज्यभर फिरत होत्या. सकाळी डेपोत गेलं तर मालकीणबाईंचे नुसते पाय दिसायचे. बाकीची मालकीण गाडीखाली ब्रेक तपासत असायची.

आमच्या राज्यात राज्यपाल लोकांच्या मतांवर निवडला जातो. त्या वेळी रस्त्यांची नुसती चाळण झाली होती आणि कुणी दाद घेत नव्हतं. एका सकाळी आत्याने सगळ्या गाड्या आहेत तिथे उभ्या केल्या. लोक चिडतील असं वाटलं होतं. उलट म्हणाले, निवडणुकीला हीच बाई उभी राहू दे. ती राहिली आणि जिंकली. शपथ घेण्याआधी तिने कंपनी माझ्या बाबांच्या नावावर करून दिली आणि डेपोच्या पाटीवरचं स्वतःचं नाव खरवडून काढायला लावलं. बाबा तिचे धाकटे भाऊ.

"पाटीवरून काढलंस ताई," बाबा म्हणाले, "लोकांच्या डोक्यातून कसं काढणार?"

आत्या हसली. बाबा हसले नाहीत.

मी तेव्हा कॉलेजसाठी तिच्याच सरकारी बंगल्यात राहत होते. पहिली दोन वर्षं बरी गेली. तिने राज्य डेपोसारखं चालवलं. दिवस उजाडताच बैठक, उशिरा येणाऱ्याला खुर्ची नाही. अधिकारी मनातून बोटं मोडत, पण रस्ते झाले. मग एका सकाळी पुलांची तपासणी करणाऱ्या इंजिनीअरबाई आल्या. आत्या नाश्ता करत होती, मी समोर होते, मुख्य सचिव फायली घेऊन उभे होते.

"नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाचं सांगायला आलेय," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "मधल्या खांबाखालची माती वाहून गेलीये. खांब कशावर उभा आहे, मला सांगता येत नाही."

"पडेल?"

"पडेल."

"कधी?"

"उद्या पडेल. नाहीतर मी म्हातारी झाले तरी पडायचा नाही. खोटी तारीख देऊ का?"

मुख्य सचिवांनी घसा खाकरला. पुलाच्या अलीकडे अर्ध्या शहराची घरं, पलीकडे कारखाने आणि मोठं हॉस्पिटल. पूल बंद केला तर सगळ्यांना डोंगराच्या बाजूने लांबचा वळसा. "मॅडम, निवडणूक जवळ आलीये," ते हळूच म्हणाले. "आणि त्या वळशाच्या रस्त्यावर... फक्त हिरव्या गाड्या धावतात."

आत्याने घास तसाच ताटात ठेवला. इकडे आड, तिकडे विहीर. दुपारी पुलाच्या दोन्ही तोंडांना सिमेंटचे ठोकळे पडले.

संध्याकाळी तिने बाबांना बोलावून घेतलं. "त्या रस्त्यावर तिकीट घेऊ नकोस," ती म्हणाली.

"ड्रायव्हर काय हवा खाऊन गाडी चालवणार? तू मालकीण होतीस तेव्हा नेलीस का एक तरी गाडी फुकट?"

"मग मी सरकार म्हणून तुझ्या गाड्या ताब्यात घेते."

"घे की. लोक म्हणतील, बहीण-भावाचं नाटक चाललंय." बाबांचा आवाज चढला. "ताई, तू पूल बंद केलास त्याच क्षणी आपण चोर ठरलो. आता फुकट नेलं काय नि पैसे घेऊन नेलं काय."

ते जेवायला थांबले नाहीत. तिकीट चालू राहिलं. आत्याने सरकारच्या होत्या तेवढ्या गाड्या त्या रस्त्यावर घातल्या. त्या होत्याच किती! हिरव्या बसना लोक लोंबकळून जायला लागले. भिंतींवर काळ्या रंगात मजकूर आला: कुंपणानेच शेत खाल्लं. कॉलेजमध्ये माझ्या बाकावर कुणी बसेना. आत्याला झोप लागत नसावी. सकाळी तिचे डोळे बघवत नसत. इंजिनीअरबाईंना ती रोज एकच विचारायची, "काही बदल?" आणि रोज तेच उत्तर, "नाही. अजून उभा आहे." पूल उभा होता, हाच तिच्यावरचा आरोप होता.

आणि मग काकू गेल्या. काकू म्हणजे उस्तादांची बायको. सकाळी छातीत कळ आली, अँब्युलन्स लगेच आली, उस्ताद सोबत बसले, पण वळशाच्या रस्त्यावर घाटात ट्रक आडवा झालेला. हॉस्पिटलपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. पुलावरून गेल्या असत्या तर पोचल्या असत्या, यात कुणालाच शंका नव्हती, आत्यालाही नव्हती. ती पोलिसांना मागे ठेवून एकटी उस्तादांच्या घरी गेली. उस्तादांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. ती बराच वेळ बंद दारासमोर उभी होती, असं शेजारच्यांनी मला पुढे सांगितलं.

काकूंना जाऊन आठवडाही झाला नसेल. सकाळी बंगल्यावर बाबांचा फोन आला. मीच उचलला. "ताईला दे. उस्ताद डेपोतून गाडी घेऊन गेलेत. त्यांना कोण अडवणार होतं? गाडीत माणसं भरलीत, पुलावर घालणार म्हणतायत."

आम्ही पोचलो तेव्हा नदीकाठी हजारेक माणसं जमली होती. कुणीतरी क्रेन आणून ठोकळे बाजूला ढकलले होते. पोलिसांची साखळी होती, पण पोलीसही त्याच वस्तीतले; हात गाळून उभे होते. पुलाच्या तोंडाशी हिरवी बस, इंजिन चालू. आत बायका, म्हातारे, कारखान्यातली माणसं गच्च. खिडकीतून मुठी बाहेर. "पूल चांगला आहे! पूल चांगला आहे!" स्टीअरिंगवर उस्ताद. दाढी वाढलेली, नजर समोर.

बाबा गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

आत्या थेट ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेली. "उस्ताद, गाडी बंद करा."

"सरक बाजूला, पोरी."

"आतली माणसं उतरवा. मग न्या गाडी. मी येते तुमच्याबरोबर."

"भ्यायलीस?"

"हो," आत्या म्हणाली. "खूप."

घोषणा जरा विरळ झाल्या. आत्या वळसा घालून प्रवाशांच्या दाराशी गेली, पायरीवर चढली. मी काठावरून तिची पाठ बघत होते. "पूल पडेलच असं मी म्हणत नाही," ती आतल्या लोकांना म्हणाली. "मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ज्यांना उतरायचं त्यांनी उतरा. मी बसतेय."

आणि ती खरंच कंडक्टरच्या जागेवर जाऊन बसली.

कुणी हललं नाही. उस्तादांनी गिअर टाकला. बस पुढे सरकली. पुढची चाकं पुलाच्या लोखंडी पत्र्यावर चढली आणि पत्रा असा खणाणला की काठावरची गर्दी एकदम मागे सरली. बाबा ओरडले, "ताई!" आतून एक म्हातारी किंचाळली, "थांबव रे बाबा, मला उतरव!" उस्तादांनी ब्रेक दाबला. एक उतरली, तशी दुसरी उतरली, मग रेटारेटी झाली. बघता बघता बस रिकामी झाली. आत दोघंच उरली.

इंजिन तसंच चालू होतं. उस्तादांचा हात गिअरवर होता, तो तिथेच राहिला. मग इंजिन बंद झालं. एवढ्या माणसांत नदीचं पाणी ऐकू यायला लागलं.

ती दोघं किती वेळ बसली होती, मला सांगता येणार नाही. आत काय बोलणं झालं ते आत्याने मला खूप पुढे, एकदाच सांगितलं. उस्ताद म्हणाले होते, "वाटेत तिने पाणी मागितलं. मी म्हटलं, आता पोचूच." याच्यावर आत्या काय बोलली, मी विचारलं. "काय बोलणार?" ती म्हणाली.

शेवटी उस्तादांनी बस उलटी काठावर घेतली, किल्ली आत्याच्या हातात दिली आणि स्वतःहून पोलिसांच्या गाडीत जाऊन बसले. गाडी नेल्याची तक्रार बाबांनी मागे घेतली, तरी उस्तादांवर खटला चालला. आत्याने त्यात हात घातला नाही. एका शब्दावर ते सुटले असते. "तो शब्द माझ्या तोंडून निघाला असता, तर पूल बंद ठेवायचा मला काय अधिकार होता?" ती म्हणायची. बस परत आली त्याच रात्री बाबांनी मात्र वळशाच्या रस्त्यावरचं तिकीट बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांना त्याचं आता काही नव्हतं.

निवडणुकीत आत्या सपाटून आपटली. नव्या राज्यपालांनी वाजतगाजत पूल हलक्या गाड्यांसाठी उघडला आणि गुपचूप शेजारी नव्या पुलाचं काम काढलं. नवा झाला, जुना तोडला. लोखंड भंगारात गेलं. तो पडला असता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. इंजिनीअरबाई कधीमधी भेटायला येतात, पण ती गोष्ट दोघीही काढत नाहीत. भिंतीवरची अक्षरं काही ठिकाणी अजून वाचता येतात.

आत्या परत कंपनीत गेली नाही. बाबांनी बोलावलं होतं. तिने एक जुनी छोटी गाडी घेतली आणि ती मनसोक्त चालवायला लागली.

गेल्या वर्षी उस्ताद तिच्या दारात आले. काठी टेकत. मी तेव्हा तिच्याकडेच होते. आत यायला तयार नव्हते. "डोळ्याचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "पलीकडच्या हॉस्पिटलात. मुलगा परगावी आहे."

आत्याने चपला घातल्या. मीही निघाले. पुढचं दार तिने त्यांच्यासाठी उघडलं, पण उस्ताद मागे माझ्या शेजारी येऊन बसले. गाडी नव्या पुलावरून गेली. आत्याने आरशात एकदाही मागे पाहिलं नाही. हॉस्पिटलच्या दारात उस्ताद उतरले, दोन पावलं गेले आणि तिच्याकडे न वळताच म्हणाले, "वेळ लागेल."

"लागू दे," आत्या म्हणाली, आणि गाडी लावायला जागा शोधू लागली.